सुरक्षित, पण कोणत्या खोलीत?

संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना या उद्योगाचे मोठे आकर्षण असते, आणि ‘नवशिक्यांसाठी सुरक्षित ओव्हरक्लॉकिंग’ अशा धर्तीच्या मार्गदर्शिका त्यांच्या हाती सहज पडतात. मग एखादा विद्यार्थी शिक्षकांना विचारतो, “सर, शाळेच्या संगणकावर करून बघू का?” अशा वेळी ‘नाही’ एवढेच म्हणून भागत नाही, आणि मार्गदर्शिका न तपासता ‘हो’ म्हणणेही बरे नव्हे. म्हणून या मार्गदर्शिकांची जी ठराविक पाककृती झाली आहे, ती आम्ही येथे तपासून पाहणार आहोत. ओव्हरक्लॉकिंगवर आमचा राग नाही. पदार्थविज्ञानाचे इतके धडे एका ठिकाणी देणारा दुसरा घरगुती प्रयोग सापडणे कठीण आहे. आमचा आक्षेप आहे तो मथळ्यातल्या ‘सुरक्षित’ या शब्दावर.

पाककृती साधारण अशी असते. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जा. प्रोसेसरचा गुणक एका पायरीने वाढवा. संगणक सुरू करून एखादा ताण देणारा प्रोग्रॅम तासभर चालवा. तो न अडखळता चालला तर आणखी एक पायरी चढा. अडखळला, तर विद्युतदाब म्हणजे व्होल्टेज किंचित वाढवा. तापमान ८० किंवा ८५ अंशांच्या आत असेपर्यंत असेच चालू ठेवा. शेवटी एक पायरी मागे या, की झाले! यातली एकेक कृती चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र तिन्ही कळीच्या शब्दांना, म्हणजे ‘तासभर’, ‘किंचित’ आणि ‘८५ अंश’ यांना, एक एक अट चिकटलेली आहे आणि मार्गदर्शिका ती अट गाळते.

आधी मुळात जास्तीची गती मिळते कुठून ते पाहू. प्रोसेसरमधील सर्व हालचाल एका घड्याळाच्या ठोक्यावर चालते. घड्याळ ५ गिगाहर्ट्‌झचे असेल तर एका ठोक्याला ०.२ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. या अवधीत विद्युतसंकेताने ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून पलीकडे पोचायचे असते. सर्वांत लांबच्या साखळीला लागणारा वेळ ठोक्याच्या अवधीपेक्षा कमी असला पाहिजे. तो जास्त झाला तर पुढचा ठोका पडतो तेव्हा उत्तर तयारच नसते आणि जुनेच किंवा अर्धवट उत्तर पुढे जाते. कारखाना प्रत्येक चकती तपासतो आणि उन्हाळा-हिवाळा, जुने होणे, वीजपुरवठ्याचे चढउतार हे सगळे धरून थोडी शिल्लक ठेवूनच गतीचा आकडा छापतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही शिल्लक खर्च करतो.

एके काळी ही शिल्लक भरपूर होती. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आणला. ६६ मेगाहर्ट्‌झचा मूळ ठोका गुणिले साडेचार, म्हणून ३०० मेगाहर्ट्‌झ. मदरबोर्डवर मूळ ठोका १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर चालू लागे, आणि पुष्कळांचे तसे प्रोसेसर विनातक्रार चालले. दीडपट गती आणि खर्च शून्य! ओव्हरक्लॉकिंगची सारी दंतकथा त्या काळातली आहे. (त्याच दशकात काही व्यापारी कमी गतीच्या प्रोसेसरवरचा आकडा पुसून मोठा आकडा छापत आणि महाग विकत. गुणकाला कुलूप घालण्यामागे हेही एक कारण होते.) आज चित्र वेगळे आहे. २००८ पासून इंटेलचे आणि पुढे इतरांचेही प्रोसेसर स्वतःचे तापमान आणि विद्युतप्रवाह मोजून आपली गती आपणच वरखाली करतात. म्हणजे पूर्वी हौशी माणूस जी शिल्लक खर्च करी, ती आता कारखान्यानेच आधी खर्च केलेली असते. दीडपट गतीचे स्वप्न दाखवणारी मार्गदर्शिका १९९८ चे आश्वासन आजच्या प्रोसेसरच्या नावावर देते. प्रत्यक्षात पाच-दहा टक्के मिळाले तरी पुष्कळ.

आता ‘८५ अंश’ घ्या. हा लेख परभणीत बसून लिहिला जात आहे, हे येथे सांगणे भाग आहे. मे महिन्यात ४२ अंशांच्या पुढे पारा जाणे परभणी जिल्ह्यात नित्याचे आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो १० अंशांच्या खाली उतरलेलाही आपण पाहतो. शिवाय हवामानखात्याचा आकडा असतो सावलीतल्या, हवेशीर पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचा. पत्र्याच्या छताखालची, खिडक्या बंद केलेली, दहा संगणक चालू असलेली खोली म्हणजे ती पेटी नव्हे. मार्गदर्शिका ज्या खोलीत लिहिली गेली ती बहुधा २० ते २२ अंशांची असते. लेखक ते सांगत नाही, कारण त्याला ते सांगण्यासारखे वाटतच नाही.

येथे एक साधे सूत्र फळ्यावर लिहिता येईल. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक, शक्ती गुणिले उष्णतारोध. ओहमच्या नियमाचे हे भावंडच आहे. विद्युतप्रवाहाच्या जागी उष्णतेचा प्रवाह वॅटमध्ये, विभवांतराच्या जागी तापमानातला फरक, आणि रोधाच्या जागी हीटसिंक व पंख्याचा उष्णतारोध, जो ‘दर वॅटला इतके अंश’ असा मोजतात. समजा, एक प्रोसेसर पूर्ण कामात १०० वॅट खातो आणि त्याच्या हीटसिंकचा रोध दर वॅटला ०.४ अंश आहे. म्हणजे तो खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम राहील. २२ अंशांच्या खोलीत ६२, आणि ४० अंशांच्या खोलीत ८०. अजून काहीही छेडछाड केलेली नाही, हे लक्षात घ्यावे.

आता गती दहा टक्क्यांनी वाढवू, आणि ती टिकावी म्हणून विद्युतदाबही दहा टक्क्यांनी वाढवू. प्रोसेसरच्या ट्रान्झिस्टरांची उघडझाप होताना लागणारी शक्ती वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून १.१ गुणिले १.१ चा वर्ग, म्हणजे १.३३. शंभराचे १३३ वॅट झाले आणि चाळीस अंशांचे ५३ अंश झाले. मार्गदर्शिकेच्या खोलीत तापमान ७५. लेखक समाधानाने लिहितो, ‘सुरक्षित!’ आमच्या खोलीत तेच ९३. आता परभणीच्या उन्हाळ्यातली बारीक काळी माती आणि कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत भरले आणि रोध ०.४ चा ०.५ झाला असे धरा. मग फरक ६६ अंशांच्या वर जातो आणि तापमान १०६ होऊ पाहते. आजचे प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांना पोचले की स्वसंरक्षणासाठी स्वतःची गती कमी करतात. म्हणजे गती वाढवण्याचा सारा खटाटोप करून मे महिन्याच्या दुपारी यंत्र पुन्हा मूळ गतीवर किंवा त्याखालीही येते. वीज जास्त, उष्णता जास्त, पंख्याचा आवाज जास्त आणि गती होती तेवढीच! यातले वॅट आणि रोधाचे आकडे आम्ही गणित सोपे व्हावे म्हणून घेतले आहेत. ज्याने त्याने आपल्या यंत्राचे घ्यावेत, निष्कर्ष फारसा बदलणार नाही.

मिळकतीचाही हिशेब केलेला बरा. एखाद्या कामाचा निम्मा वेळ प्रोसेसरच्या आकडेमोडीत जातो आणि निम्मा स्मृतीची किंवा डिस्कची वाट पाहण्यात, असे धरू. गती दहा टक्के वाढली तरी वाट पाहण्याचा वेळ तसाच राहतो. तासाभराच्या कामात जेमतेम पावणेतीन मिनिटे वाचतात. जीन अ‍ॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेला हा युक्तिवाद सातवीच्या अपूर्णांकांत बसतो. त्रेचाळीस मिनिटांचे काम एकेचाळीस मिनिटांत व्हावे म्हणून एकतृतीयांश उष्णता वाढवणे म्हणजे कोहळा देऊन आवळा घेणे झाले.

‘किंचित’ या शब्दाचे प्रकरण याहून गंभीर आहे. तापमान जास्त झाले तर यंत्र स्वतःला आवरते, पण जास्त विद्युतदाबाने होणारी झीज तेव्हाच्या तेव्हा दिसत नाही. प्रोसेसरमधल्या धातूच्या तारा इतक्या बारीक असतात की इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने धातूचे अणू जागचे हलतात आणि वर्षानुवर्षांत कोठे पोकळी तर कोठे गाठ तयार होते. तापमान वाढले की ही क्रिया झपाट्याने वाढते. ट्रान्झिस्टरमधला अतिपातळ विद्युतरोधक थरही दाबाखाली थकतो. आज सुरळीत चाललेला प्रोसेसर सहा महिन्यांनी त्याच गतीला अडखळू लागतो, आणि मग मार्गदर्शिका काय सांगते? आणखी थोडा दाब वाढवा!

ही भीती पुस्तकी नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर आपल्या बैठकीतच जळाल्याची उदाहरणे पुढे आली. त्यात मुख्यतः चर्चा झाली ती स्मृतीची गती एका कळीने वाढवणाऱ्या सोयीची. ती सोय वापरली की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाचा विद्युतदाब परस्पर वाढवत होते. कंपनीने नंतर त्या दाबाला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ज्यांनी ती कळ दाबली त्यातल्या बहुतेकांना आपण ओव्हरक्लॉकिंग करत आहोत याची जाणीवही नसावी, इतकी ती सोय साळसूद दिसते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉपचे काही वरच्या दर्जाचे प्रोसेसर अडखळू लागल्याच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले की प्रोसेसरमधील सूक्ष्म-आज्ञावली गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब मागत होती. त्याआधी संशयाची सुई मदरबोर्ड बनवणाऱ्यांवरही होती, कारण कित्येक मदरबोर्ड कारखान्यातूनच इंटेलने सुचवलेल्या मर्यादा ओलांडलेल्या अवस्थेत येत. सप्टेंबरमध्ये इंटेलने सांगितले की वाढीव दाब आणि तापमानाखाली जो भाग म्हातारा होत होता, तो होता घड्याळाचा ठोका सगळीकडे पोचवणारे मंडल. सुधारित आज्ञावलीने पुढची झीज थांबवता आली, पण झालेली भरून काढता आली नाही. कंपनीने हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. यातले अनेक संगणक कोणीही ओव्हरक्लॉक केलेले नव्हते. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, हजारो अभियंते आहेत, त्यांचाच ‘सुरक्षित’ दाबाचा अंदाज जेथे चुकला, तेथे नवशिक्याला ‘अमुक व्होल्टपर्यंत बिनधास्त जा’ असे एका ओळीत सांगणे आम्हाला बेजबाबदार वाटते.

राहिला ‘तासभर’. तासभर चूक दिसली नाही, म्हणून यंत्र स्थिर आहे असे समजायचे, ही तर्काची चूक आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने तरी ती चालवून घेऊ नये. ताण देण्यासाठी जो प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम सर्रास वापरतात, त्याचा मूळ उद्देशच वेगळा आहे. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्या शोधण्याची सामुदायिक मोहीम सुरू केली, त्या मोहिमेचा तो प्रोग्रॅम. दोनाचा घात वजा एक अशा अवाढव्य संख्या तपासताना एका ठिकाणी चूक झाली की महिनाभराची आकडेमोड वाया जाते. म्हणून त्यात यंत्राची परीक्षा घेण्याची सोय ठेवली आहे. तो अशी गणिते करतो ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत आणि ती ताडून पाहतो. परंतु गंमत अशी की, त्या मोहिमेचाच एका यंत्राच्या शब्दावर विश्वास नव्हता. बरीच वर्षे प्रत्येक संख्या दुसऱ्या संगणकावर पुन्हा तपासली जाई, आणि आता उत्तराबरोबर पडताळणीचा गणिती पुरावा जोडण्याची पद्धत आली आहे. ज्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी फेरतपासणीची व्यवस्था केली, त्याच प्रोग्रॅमच्या एका तासावर मार्गदर्शिका मात्र निर्धास्त!

संगणक बंद पडला तर ते दिसते. वाईट चूक ती, जी दिसत नाही. २०२१ साली गूगलच्या आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी स्वतंत्रपणे लिहिले की त्यांच्या प्रचंड संगणकसंचांत काही प्रोसेसर, कोणतीही सूचना न देता, अधूनमधून चुकीचे उत्तर देताना आढळले. तेही नेमून दिलेल्या गतीला. शिल्लक खर्च केलेल्या यंत्रात ही शक्यता वाढते हे उघड आहे. इंटेलच्या वर सांगितलेल्या प्रकरणातही दोष पुष्कळदा प्रकट झाला तो आवळून ठेवलेल्या फायली उलगडताना. आपल्या स्प्रेडशीटच्या आजच्या फायली अशाच आवळून साठवलेल्या असतात. शाळेच्या संगणकावर वार्षिक निकालपत्रके तयार होतात ती एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे नेमकी पारा चढत असताना. जानेवारीत तासभर ‘स्थिर’ ठरलेले यंत्र त्या आठवड्यात काय करील, याची ग्वाही जानेवारीतली चाचणी देऊ शकत नाही.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. शाळेचा संगणक डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला आहे, त्यावर हा प्रयोग करू नये. बहुतेक शाळांतले संगणक कार्यालयीन बांधणीचे असल्याने त्यांचा गुणक कुलूपबंदच असतो, हा भाग वेगळा. इंटेलच्या बाबतीत सहसा नावाच्या शेवटी ‘के’ असलेले प्रोसेसर खुले असतात, आणि त्यांनाही तसा मदरबोर्ड लागतो. घरचा स्वतःचा खुला संगणक असेल आणि पालकांची संमती असेल, तर करावे, पण क्रम बदलून. हमीपत्र वाचावे, कारण नेमून दिलेल्या मर्यादा ओलांडल्या की कंपनी हमी नाकारू शकते. महत्त्वाच्या फायली दुसरीकडे ठेवाव्यात. मग हीटसिंक ब्रशने स्वच्छ करून, मूळ गतीला, खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान आठवडाभर लिहून काढावे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पूर्ण कामात मूळ गतीलाच ८५ च्या वर आकडा जात असेल, तर प्रश्न तेथेच संपला. जात नसेल, तर बायोसमधला विद्युतदाब ‘ऑटो’वर न सोडता मूळ आकड्यावर पक्का करावा आणि केवळ गुणक एक-एक पायरी वाढवावा. ‘ऑटो’वर ठेवले तर मदरबोर्ड आपल्याला न विचारता दाब वाढवतो, आणि नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते. दाब न वाढवता जेवढी गती मिळेल तेवढ्यावर थांबावे. संगणक सुरूच झाला नाही तर वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढली की बहुतेक बोर्डांत बायोस मूळ स्थितीला येते. ही माहिती मार्गदर्शिकांत शेवटच्या पानावर असते, ती पहिल्या पानावर हवी.

आमची खरी शिफारस मात्र उलट्या दिशेच्या प्रयोगाची आहे. गती तीच ठेवून विद्युतदाब हळूहळू कमी करत जावे. दहा टक्के कमी झाला तर शक्ती ०.९ च्या वर्गाने, म्हणजे ८१ टक्क्यांवर येते. आपल्या उदाहरणातले १०० वॅट ८१ होतात आणि ४० अंशांच्या खोलीतले ८० अंश सुमारे ७२ वर येतात. दाब फार कमी केला तर यंत्र अडखळेल, क्वचित फाईलही बिघडेल, म्हणून फायलींच्या प्रती येथेही हव्यातच. परंतु चकती झिजत नाही, उलट ती जास्त दिवस टिकते. काही संगणकांत ही सोय बंद केलेली असते. ज्यांत ती आहे, तेथे चूक परवडेल अशा टोकापासून विद्यार्थी शिकू लागतो. परभणीच्या हवेत पंख्याचा आवाज कमी होणे आणि लोडशेडिंगमध्ये यूपीएस चार मिनिटे जास्त टिकणे हीसुद्धा काही लहान मिळकत नाही.

ज्या शाळांत यांपैकी काहीच शक्य नाही, तेथेही उष्णतारोध मोजण्याचा प्रयोग होऊ शकतो, आणि त्यासाठी बायोसला हात लावावा लागत नाही. एकाच संगणकावर, पंखा शक्यतो एकाच वेगाला ठेवून, एकच काम अर्धा तास चालवावे आणि शेजारी टांगलेल्या साध्या तापमापकावरचा व प्रोसेसरने दाखवलेला, असे दोन्ही आकडे वहीत मांडावेत. हे डिसेंबरमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर एकदा करावे. खोली जितक्या अंशांनी तापली तितक्याच अंशांनी प्रोसेसर तापला पाहिजे, असे आपले सूत्र सांगते. प्रत्यक्षात तो एक-दोन अंश जास्त तापलेला आढळण्याची शक्यता आहे. तसे आढळल्यास विद्यार्थ्यांना आधी हीटसिंकवरची चार महिन्यांची धूळ झटकून पुन्हा मोजायला सांगावे. त्यानंतरही काही फरक उरला, तर तापलेल्या अर्धवाहकातून ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणाऱ्या विद्युतप्रवाहाकडे, आणि त्या प्रवाहाने वाढलेल्या वॅटकडे, त्यांचे लक्ष वळवावे.